चोच, एकशे छत्तीस

मित्रांनो, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, नकाशांच्या कपाटाला टेकून एक लांबलचक लाकडी नळकांडे उभे आहे. आठ फळ्या जोडून केलेले, तळाशी जड, वरच्या टोकाला उघडे. कोणी त्याला तोफ समजते, कोणी धुराडे. परवा तुमच्यातल्याच एका मुलीने आत वाकून हाक मारली आणि आपलाच आवाज परत आला म्हणून ती खुदकन हसली. त्या हाकेला ओ द्यावी असे मला फार वाटले. ते नळकांडे म्हणजे मी. मी दुर्बीण आहे; दहा इंची आरशाची, हातांनी घडवलेली आणि आता पुरती जुनी झालेली.

माझ्या शेजारच्या कपाटात एकतीस वह्या आहेत. माझ्यातून जे दिसले ते त्या वह्यांत आहे, आणि जे दिसले नाही तेही आहे. दिसलेल्या गोष्टी सांगणारे पुष्कळ असतात. मी सांगणार आहे ती बरीचशी न दिसलेल्याची गोष्ट आहे.

माझा जन्म एका चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत झाला. दुकानाचा मालक तेव्हा तरुण होता. सगळी गल्ली त्याला दादा म्हणे, म्हणून मीही दादाच म्हणते. दिवसभर तो लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासून बसवी आणि दुकान बंद झाले की माझी काच घासायला घेई. ती काच एका मोडीत काढलेल्या जहाजाच्या गोल खिडकीची होती. एका पिंपावर एक काच घट्ट बसवायची, तिच्यावर कुरुंदाची ओली भुकटी टाकायची, वर दुसरी काच ठेवून ती मागे-पुढे सरकवायची आणि सरकवता सरकवता पिंपाभोवती पावलापावलाने फिरत राहायचे. असे त्याने सात महिने केले. वरची काच हळूहळू खोलगट होत गेली. त्या खोलगट काचेवर पुढे धातूचा पातळ मुलामा चढला आणि ती माझा आरसा झाली. माझे काळीज म्हणा हवे तर.

दादाचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते. वहिनी दाराशी उभी राहून म्हणायची, "संसार माझ्याशी मांडलाय की त्या पिंपाशी? घिरट्या तर सगळ्या त्याच्याभोवती!"

"पिंप बोलत नाही," दादा म्हणायचा.

"म्हणूनच आवडतं वाटतं!"

शेवटी दाढीचे एक पाते आणि एक मिणमिणता दिवा घेऊन त्याने माझी परीक्षा केली. केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूकही त्या पात्याच्या कडेला सावली होऊन दिसते. त्या रात्री सावली दिसली नाही. दादाने वहिनीला हाक मारली. ती हात पुसत आली, वाकून बघितले आणि म्हणाली, "मला तर काहीच दिसत नाही." दादा खूश होऊन पिंपाभोवती आणखी एक फेरी मारून आला. काही न दिसण्यात एवढा आनंद असू शकतो हे मी पहिल्यांदा तेव्हा पाहिले.

सुताराने मला हे आठ फळ्यांचे अंग दिले. गच्चीवर सरकत्या पत्र्याची एक खोपी उभी राहिली, आणि तिथे मी राहू लागले. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड माझ्या तोंडात येऊ नये म्हणून वहिनी दोरीवर एक जाड चादर टाकून ठेवी. कुरकुर करत टाकी, पण एकही दिवस विसरली नाही.

सुरुवातीला मी चंद्र दाखवला, ग्रह दाखवले. शेजारीपाजारी रांग लावून आले, वा वा म्हणाले आणि आठवडाभरात यायचे थांबले. दादाला मात्र अशा कामाची ओढ होती, जे रोज करावे लागते आणि ज्याला कोणी वा वा म्हणत नाही. दूरच्या एका शहरात बदलत्या ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणारे एक केंद्र होते. काही ताऱ्यांचा उजेड कमीजास्त होत असतो. तो रोज बघायला मोठ्या दुर्बिणींना सवड नसते. म्हणून घरोघरचे हौशी निरीक्षक बघतात आणि महिन्याच्या महिन्याला नोंदी कळवतात. दादाने केंद्राला पत्र लिहिले. उत्तरात एक नकाशा आला आणि त्यावर एका ताऱ्याभोवती एक छोटे वर्तुळ होते.

तो एक तारा नव्हता; दोन होते, पण इतके जवळ की माझ्यासारखीला ते एकच टिपका दिसत. त्यांतला एक श्वेतबटू. आकाराने पृथ्वीएवढा आणि वजनाने सूर्याच्या तोडीचा. आतला जाळ संपून गेलेला, पण अंगात विलक्षण चुंबकशक्ती असलेला. दुसरा तांबूस, हलका, मवाळ. दोघे अडीच तासांत एकमेकांभोवती एक फेरी मारतात. श्वेतबटू त्या तांबड्या ताऱ्यावरचा वायू ओढून घेतो. पण त्याच्या चुंबकाचा धाक असा, की तो वायू गोल गोल फिरत सावकाश खाली येऊ शकत नाही. चुंबकाने आखून दिलेल्या वाटेने तो थेट ध्रुवावर कोसळतो आणि कोसळताना पेटून उठतो. आपल्याला दिसतो तो उजेड मुख्यतः त्या कोसळण्याचा असतो. आणि कधी कधी, का ते अजून कोणाला नीटसे कळलेले नाही, ती धार आटते. मग ती दोघे एकमेकांभोवती तशीच फिरत राहतात, पण अंधारात. काही महिने, कधी काही वर्षे.

आमच्या घरात त्या ताऱ्यांना कोणी नकाशावरच्या नावाने हाक मारली नाही. त्यांचे नाव 'ती दोघं' असेच पडले.

निरीक्षणाला आणखी एक माणूस लागतो, लिहिणारा. दादाची धाकटी बहीण टेलिफोन कचेरीत होती. दादा तिला छोटे म्हणे. तिशी उलटली, केस पांढरे होऊ लागले, तरी ती छोटीच राहिली. कानाला यंत्र लावून लोकांनी सांगितलेले नंबर ऐकायचे आणि एकाची तार दुसऱ्याला जोडून द्यायची, हे तिचे काम. इतक्या वर्षांत तिने एकही चुकीचा नंबर जोडला नव्हता. कचेरीतून आली की ती गच्चीवर येई, तांबड्या कागदात गुंडाळलेल्या विजेरीच्या उजेडात वही उघडून बसे, आणि दादा माझ्या भिंगाला डोळा लावी.

आमची कामाची रीत तुम्हाला सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. त्या दोघांच्या आसपास काही स्थिर तारे आहेत. त्यांचा उजेड किती ते नकाशावर आकड्यांत दिलेले असते. आकडा जितका मोठा, तारा तितका अंधूक. बदलता तारा कोणाहून उजळ आणि कोणाहून फिका हे ताडून त्याचा आकडा सांगायचा. एक तारा होता तेरा पूर्णांक एक, दुसरा तेरा पूर्णांक सहा. पण नकाशावर आकड्यांत टिंब कधी देत नाहीत. टिंब दिले तर ते तारा समजले जाईल. म्हणून १३१, १३६ असेच लिहितात आणि एकशे एकतीस, एकशे छत्तीस असेच म्हणतात. आमच्या वहीतही तीच शिस्त होती. वीस वर्षांच्या वह्यांत टिंब म्हणून सापडायचे नाही.

तारा दिसला नाही, तर तेही लिहायचे. दिसणाऱ्यांपैकी सर्वांत अंधूक तारा कोणता ते सांगायचे आणि त्या आकड्याआधी एक चिन्ह काढायचे: चिमणीने चोच उघडावी तसे. '<१३६' म्हणजे एकशे छत्तीसचा तारा दिसला, त्याहून फिके काही दिसले नाही. आमच्याकडे त्याला चोच म्हणत, आणि चोच निघाली की त्या रात्री तेवढी एकच नोंद.

आणि शेवटचा नियम. लिहिणाऱ्याने कालचा आकडा कधी सांगायचा नाही, आणि पाहणाऱ्याने वही कधी उघडायची नाही. कालचा आकडा कानांवर पडला की डोळा आज तोच शोधू लागतो. याच कारणाने छोटीही माझ्यातून कधी पाहत नसे. "दोघांनी पाहिलं की दोघांचं एकमत होतं," दादा म्हणायचा, "आणि एकमत झालं की तारा राहतो बाजूला." महिनाअखेरीला छोटीच नोंदींची नक्कल करून केंद्राला पाठवी.

ती वीस वर्षे, मित्रांनो, माझी सुखाची वर्षे होती. अंधूक तारा सरळ बघितला की हरवतो. नजर जरा तिरकी केली की डोळ्याच्या कडेला अलगद उमटतो. दादाची ती तिरकी नजर मला पापणीच्या हालचालीवरून ओळखू येई. मग त्याचा हलका आवाज, "एकशे तीस." छोटीचा आवाज, "एकशे तीस," कचेरीतल्यासारखा, सरळ. मग कागदावर पेन्सिलीची खरखर. दहा मिनिटे शांतता. पुन्हा तेच. खालून वहिनीची हाक, "जेवायला येताय की तिथेच पाठवू, ताऱ्यांसाठीही वाढून?" या तीन आवाजांच्या पलीकडे मला दुसरे जग नव्हते, आणि हवे आहे असेही कधी वाटले नाही.

मग एका संध्याकाळी दादा बराच वेळ भिंगाला डोळा लावून राहिला. माझ्या आरशावर त्या जागेतून काहीच उतरत नव्हते, हे मला ठाऊक होते.

"चोच," तो म्हणाला. "एकशे छत्तीस."

वीस वर्षांत ती दोघे अशी एकदाही नाहीशी झाली नव्हती. "चोच, एकशे छत्तीस," ती म्हणाली. पण मी पेन्सिलीचा आवाज ऐकला. चोचेचा आवाज मला ठाऊक होता. ढग विरळ असले की पूर्वीही कधी कधी चोच निघे; एक छोटीशी वाकडी रेघ. ती रेघ उमटली नाही. तीन अंक उमटले आणि त्यानंतर खाली एक बारीकसा 'टक'. तो 'टक' मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्याचा अर्थ मला कळला नाही.

पुढच्या संध्याकाळी तेच. त्याच्या पुढच्याही. दादाचा आवाज दिवसेंदिवस खाली जात होता. "चोच" म्हणण्याआधी तो तीन-तीनदा भिंग पुशी. त्याच सुमारास खाली घरात काही घडत होते. एका मास्तरांचा चष्मा त्याने उलटसुलट बसवून दिला, डावी काच उजवीकडे. एका सकाळी चहा कपाऐवजी टेबलावर ओतला. वहिनी हसून म्हणाली, "गावाला डोळे वाटत फिरता, स्वतःचे कुठे ठेवलेत?" छोटी मात्र हसली नाही.

"दादा, एकदा डॉक्टरांना दाखवून ये ना."

"चष्मेवाल्यानं डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन बसायचं? उद्या दुकानात कोण पाऊल ठेवेल?" असे म्हणून तो जिना उतरून गेला, आणि त्या दिवशी उतरताना त्याने कठडा धरला होता.

दीड महिना गेला. एका दुपारी दादा मला वळवण्याच्या चाकाला वंगण लावत होता, छोटी चिमट्यांची टोपली धरून उभी होती आणि वहिनी वाळलेले कपडे काढत होती.

"अहो, तुमच्या ताऱ्यांच्या कचेरीचं पत्र आलंय. या खेपेला छापील नाही, हातानं लिहिलंय. वाचू?"

"वाच. माझे हात बरबटलेत."

पत्र केंद्राच्या नोंदप्रमुखांचे होते. त्यांनी लिहिले होते की, सदर तारा दिसेनासा झाल्याचे इतर सर्व निरीक्षकांनी कळवले आहे. फक्त आपल्या नोंदींत तो पूर्वीइतकाच तेजस्वी आहे. आपले वीस वर्षांचे काम निर्दोष असल्यामुळे आपले आकडे बाजूला सारणे आम्हाला योग्य वाटत नाही. ते खरे असतील तर काहीतरी अपूर्व घडते आहे, आणि त्यासाठी एका मोठ्या दुर्बिणीचे काम थांबवून ती तिकडे वळवावी लागेल. खरे नसतील, तर आपल्या आधीच्या नोंदींचाही फेरविचार करावा लागेल. आठ दिवसांत कृपया कळवावे.

"पूर्वीइतकाच?" दादा म्हणाला. "कोण म्हणतं? परत वाच ते."

वहिनीने परत वाचले.

"मी दीड महिना चोच सांगतोय. छोटे?"

गोष्टींमध्ये अशा वेळी हातातले काहीतरी पडते. छोटीच्या हातून काही पडले नाही. तिने चिमट्यांची टोपली अगदी सावकाश कठड्यावर ठेवली.

"मी लिहिलं, दादा."

"काय लिहिलंस?"

"एकशे तीस. एकशे एकतीस. तू पूर्वी जे सांगायचास ते."

"का?"

"तुझे डोळे गेले असं वाटलं मला. मास्तरांचा चष्मा, तो चहा... आणि रोज वर येऊन चोच, चोच. वाटलं, तुझे आकडे थांबले की तूही थांबशील. खाली बसून राहशील नुसता."

"अगं पण शेजारचा एकशे छत्तीस दिसत होता ना मला! रोज सांगत होतो!"

"तुला ते आभाळ पाठ आहे. मला वाटलं, पाठ म्हणून दाखवतोयस."

दादाने वंगणाचे हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "मलाही तसंच वाटायला लागलं होतं. दुकानातला अक्षरांचा तक्ता रोज वाचून बघायचो मी. पण तो तर मला उलटाही येतो."

"कमाल आहे तुम्हा भावंडांची!" वहिनी म्हणाली. "दोघं आपापल्या मनात कुढत बसलात, मला कोणी एका शब्दानं विचाराल? त्या दिवशी तुम्ही चहा ओतत होतात आणि टेबल पुसायला कप मी सरकवला होता. मी! डोळे कसले गेलेत?"

कोणी हसले नाही. पण हसू येऊन गेले असावे, कारण दादाचा पुढचा आवाज जरा सुटा होता.

"किती रात्री?"

"सतरा. बाकीच्या ढगांच्या होत्या."

"आणि त्या सतरा कोणत्या ते आता कसं कळायचं?"

"कळेल," छोटी म्हणाली. "प्रत्येक खोट्या आकड्याखाली मी टिंब दिलंय."

तेव्हा मला त्या 'टक'चा अर्थ कळला. टिंब नसलेल्या वहीत तिने सतरा टिंबे दिली होती. खोटे लिहिताना तिचा हात खऱ्याची खूण ठेवल्यावाचून राहिला नव्हता.

"आपल्याकडे टिंब म्हणजे तारा असतो, छोटे," दादा हळूच म्हणाला. "जिथे काही नव्हतं तिथे तू सतरा तारे काढलेस." आणि तो खाली निघून गेला.

त्या संध्याकाळी वर कोणी येणार नाही असे मला वाटले. पण पत्रा सरकला. दादा पुढे, छोटी मागे. दादाने मला त्या दोघांच्या जागेकडे वळवले आणि बाजूला झाला.

"लाव डोळा."

"मी?"

"तूच. आज नियम मोडू दे. मोठा तर मोडलासच."

तिने पहिल्यांदा माझ्यात पाहिले. ती सरळ बघत होती, नवखी माणसे बघतात तशी. दादा मागून सांगत होता, जरा डावीकडे बघ, ताऱ्याकडे नको, शेजारी बघ. हळूहळू तिला त्या भागातला सर्वांत उजळ, एकशे सव्वीस दिसला, एकशे एकतीस दिसला, आणि पुष्कळ वेळाने, डोळ्याच्या कडेला, एकशे छत्तीस.

"आणि मध्ये?"

"मध्ये... काहीच नाही, दादा. अगदी काहीच नाही."

"दीड महिना हेच सांगतोय मी," दादा म्हणाला. आणि मग भिंतीला टेकून तो हसू लागला. छोटी रडू लागली. दोन्ही आवाज एकमेकांत इतके मिसळले की वहिनी धावत वर आली.

उत्तर तिथेच लिहिले गेले. दादाने सांगितले, छोटीने लिहिले. 'माझ्या बहिणीकडून चूक झाली' असे तिने स्वतःच लिहिले होते. दादाने ते खोडायला लावले. "'आमच्याकडून' लिही. आकडे दोघांचे असतात."

तुम्हाला वाटेल, खरे सांगितले म्हणजे सगळे पूर्ववत झाले. तसे झाले नाही. महिन्याभराने केंद्राचे उत्तर आले. त्या सतरा नोंदी मागाहून दुरुस्त केलेल्या म्हणून ठेवल्या होत्या. पण त्यांतली पहिली नोंद ज्या रात्रीची होती, त्या रात्री इतर सगळीकडे आभाळ भरलेले होते. ती दोघे अंधारात गेलेली सर्वांत आधी पाहिली ती दादाने. केंद्राने फार सभ्य शब्दांत कळवले होते, की मागाहून बदललेली नोंद अशा कामी धरता येत नाही. ती दोघे नाहीशी झाल्याची तारीख पुस्तकात दोन दिवस पुढची पडली. ती रात्र आमची होती, आणि ती आमच्या हातून गेली. छोटीने त्या पानात एक कोरा कागद घालून ठेवला. तो अजून तिथे आहे.

ती दोघे चौदा महिन्यांनी उजळली. पुन्हा आकडे, पुन्हा खरखर. पुढे केंद्राकडून दहा हजार नोंदींबद्दल मानपत्र आले. वहिनीने ते दुकानात अक्षरांच्या तक्त्याशेजारी लावले आणि दादा गिऱ्हाइकांना त्याचीच शेवटची बारीक ओळ वाचायला लावू लागला. "तक्ता लोकांना पाठ असतो," तो म्हणे, "मानपत्र कोणी पाठ करत नाही." माझे कौतुक झाले ते एवढेच, आणि मला ते पुरले.

मग खरोखरच डोळ्यांनी दगा दिला. काचबिंदू होता. तो चोरपावलांनी येतो आणि नजरेच्या कडा आधी खातो. ज्या तिरक्या नजरेने दादा अंधूक तारे टिपायचा, तीच पहिल्यांदा गेली. एका संध्याकाळी तो म्हणाला, "एकशे एकतीस दिसत नाही," आणि छोटीने ते जसेच्या तसे लिहिले. त्याने माझ्यावर जुना पडदा घातला.

तीन वर्षे मी पडद्याखाली होते. माझ्या अंगावर ओले टॉवेल वाळत पडू लागले. आरशावर धूळ बसली, कडेने काळसर डाग चढले. एका कोळ्याने माझ्या तोंडावर जाळे विणले आणि मी त्याला नको म्हणू शकले नाही. खालून वहिनीचा आवाज येई, पण वर हाक मारण्याजोगे कोणी नसे. वाट पाहण्यापेक्षा आपली वाट कोणी पाहत नाही हे जास्त लागते, मित्रांनो.

पडदा काढला तो छोटीने. तिची कचेरी सुटली होती. जुन्या पद्धतीची तारजोडणी बंद झाली आणि तिचे कानही कोणाला नको झाले. तिने माझा आरसा उतरवला आणि वाहत्या पाण्याखाली, कापसाच्या बोळ्याने, दाब न देता धुतला. दादा शेजारी बसून सांगत होता, "घासू नको. नुसता कापूस ओढ."

"माहीत आहे रे."

"माहीत असलं तरी घासू नको."

ती दोघे तेव्हा पुन्हा अंधारात गेली होती, हे केंद्राच्या पत्रकातून कळले होते. कधी परततील ते कोणालाच ठाऊक नव्हते. आता छोटी भिंगाशी बसू लागली आणि दादा वही घेऊन. नजरेच्या मधोमध त्याला अजून थोडे दिसत होते. जाड पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत तो लिही.

"चोच, एकशे छत्तीस."

"चोच, एकशे छत्तीस."

पाच महिने रोज हेच. एका संध्याकाळी तो म्हणाला, "तेव्हा तुला हे चिन्ह का काढवलं नसेल ते कळतंय मला. फार जड आहे गं."

मग ती रात्र आली. त्याच दिवशी सकाळी डॉक्टरांनी सांगितले होते, की वहीतल्या रेघाही आता फार दिवस दिसणार नाहीत. हे मला ठाऊक होते, कारण गच्चीवर चादर टाकता टाकता वहिनीने ते डोळे पुसत छोटीला सांगितले होते; आणि दादा जिना चढत असतानाच ती म्हणाली होती, "आज तरी त्यांना काहीतरी चांगलं ऐकव गं."

हवा कोरडी होती. छोटीने डोळा लावला. एकशे सव्वीस, एकशे एकतीस, एकशे छत्तीस. ती थांबली. तिची पापणी हलली, नजर तिरकी झाली, परत आली. दहा मिनिटे ती तशीच बघत राहिली.

"चोचच ना?" दादाने विचारले.

"थांब."

"छोटे, राहू दे. मी काढतो चोच."

"लिही, दादा," ती म्हणाली. "एकशे बत्तीस."

पेन्सिल हलली नाही. त्या शांततेत जे होते ते आम्हा तिघांनाही ठाऊक होते: त्या सतरा रात्री, सकाळचे डॉक्टर आणि वहिनीचे वाक्य. त्याच्या डोळ्यांना पडताळा घेता येणार नव्हता. ती शपथ घेऊ शकली असती. तिने घेतली नाही. वर्षानुवर्षे कचेरीत जशी सांगायची तशी ती फक्त पुन्हा म्हणाली, "एकशे बत्तीस."

मग कागदावर जाड खरखर झाली. एक. तीन. दोन. आणि पेन्सिल त्या आकड्याखाली येऊन थांबली. मला श्वास असता तर मी तो रोखून धरला असता. तो 'टक' मी ओळखते. मी त्याची वाट पाहत राहिले.

दादाने पेन्सिल उचलली आणि कानामागे खोवली.

"दहा मिनिटांनी परत बघ," तो म्हणाला. "ती दोघं फिरतायत. आकडा बदलेल."

मित्रांनो, त्या रात्री खरे काय होते ते सांगू शकणारी मी एकटीच उरले आहे. काही शतकांपूर्वी निघालेला तो उजेड माझ्या तोंडातून आत आला, नुकत्याच धुतलेल्या आरशावर पडला आणि वळून छोटीच्या डोळ्यात गेला. ती दोघे परत आली होती. माझ्यावाचून कोणी साक्षीदार नव्हता, आणि दादाने माझी साक्ष मागितली नाही.

आता तुमच्याकडे माझे मागणे थोडेच आहे. माझ्या आरशावर बोट फिरवू नका. धूळ बसली तर बसू दे. घासण्यापेक्षा ती बरी. माझ्या तोंडावर एखादे फडके घाला, कोळ्यांना दुसरीकडे पुष्कळ जागा आहे. आणि कधी मला पुन्हा गच्चीवर न्यावेसे वाटले, तर दोघे मिळून या. एकाने पाहा, एकाने लिहा. काही दिसले नाही तर लाजू नका, चोच काढा.

आणि आधी शेजारच्या कपाटातली सत्ताविसावी वही उघडा. मोठ्या, जाड अक्षरांत १३२ लिहिलेले एक पान तुम्हाला सापडेल. विजेरी जवळ धरून नीट बघा. त्या आकड्याखाली टिंब नाही.